सामाजिक नवोपक्रम सर्वांसाठी खुला कसा करायचा : कामाचा क्रम, तपासण्या आणि हमखास होणाऱ्या चुका

नवा सामाजिक उपक्रम उभा करणारे गट सल्ल्यासाठी येतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. "सगळं तयार झालंय. आता हे अपंग व्यक्तींपर्यंत, वृद्धांपर्यंत, स्थलांतरित मजुरांपर्यंत कसं पोचवायचं?" घोळ त्या 'आता'मध्ये आहे. तोवर अर्जाची भाषा ठरलेली असते, केंद्राच्या वेळा ठरलेल्या असतात, नोंदणीला मोबाइल नंबर लागणार हे ठरलेलं असतं, यंत्राची उंची ठरलेली असते. म्हणजेच आत कोण येणार आणि बाहेर कोण राहणार याचा निकाल लागलेला असतो. तो कुणी बोलून दाखवलेला नसतो, एवढंच. त्यानंतर करता येते ती डागडुजी, आणि ती महाग पडते.

म्हणून या लेखात भर क्रमावर आहे. खाली दिलेली कामं बहुतेक गट करतात, पण उलट्या क्रमानं करतात. पाच-दहा जणांचा गट एखादी सेवा, साधन किंवा योजना उभी करतो आहे असं धरून मी लिहिलं आहे.

तयारी : पहिल्या बैठकीआधी तीन गोष्टी कागदावर आणा

पहिली गोष्ट म्हणजे अंदाजपत्रकात 'सहभागाचा खर्च' अशी स्वतंत्र ओळ. येणाऱ्यांचा प्रवासखर्च, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्या मदतनिसाचा खर्च, मुलं सांभाळायची सोय, दुभाषी, ब्रेल किंवा मोठ्या अक्षरातली छपाई हे सगळं त्यात येतं. ही ओळ पहिल्याच मसुद्यात नसेल, तर पुढे ती शिरत नाही. पैसे तोवर यंत्रांना आणि पगारांना वाटले गेलेले असतात.

दुसरी, एका पानावर दोन रकाने: 'लोकांच्या सांगण्यावरून बदलू शकेल' आणि 'काहीही झालं तरी बदलणार नाही'. निधी देणाऱ्यांच्या अटी, कायद्याची बंधनं, मुदती दुसऱ्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहा. पहिला रकाना रिकामा राहिला, तर लोकांना सल्ल्यासाठी बोलावू नका. त्यांचा दिवस घ्यायचा आणि काहीच बदलायचं नाही, ही फसवणूक आहे. पुढच्या गटाला त्या वस्तीत दार बंद मिळतं ते त्यामुळेच.

तिसरी, वेळ. ओळख नसलेल्या लोकांत पहिल्या भेटीत कामाचे प्रश्न विचारू नका. दोन-तीन आठवडे नुसतं जाणं-येणं ठेवा आणि वेळापत्रकात त्याला जागा द्या.

टप्पा १ : कोण येणार नाही, याची यादी करा

बहुतेक गट इथे समाजघटकांची नावं लिहितात: महिला, वृद्ध, अपंग, अल्पसंख्याक. अशी यादी दिसायला पूर्ण वाटते, पण तिच्यावर काही काम करता येत नाही. तुमची सेवा वापरताना माणसाला काय काय करावं लागतं, ते ओळीनं लिहिणं जास्त उपयोगी पडतं. कळणं, पोचणं, नोंदणी करणं, थांबणं, वापरणं, अडलं तर तक्रार करणं, पुन्हा येणं. आता प्रत्येक पायरीसमोर लिहा, यासाठी माणसाकडे काय असावं लागतं? डोळे, कान, अक्षरओळख, कामाची भाषा, कायमचा पत्ता, कागदपत्रं, स्वतःचा फोन, सुटी, घरच्यांची परवानगी, सुटे पैसे, अधिकाऱ्यासमोर बोलायचं धैर्य. यातलं जे ज्याच्याकडे नाही, तो त्या पायरीवर गळतो.

एक उदाहरण बारकाईनं पाहू. नोंदणी करताना मोबाइलवर सहा आकडी कोड येतो, तो भरला की काम पुढे सरकतं. पायरी साधी आहे, दहा सेकंदांची. पण घरात फोन एकच असेल, तर तो बहुधा कमावत्या पुरुषाच्या खिशात असतो आणि तो कामावर गेलेला असतो. बाई केंद्रावर उभी, कोड दुसरीकडे, आणि कोडाची मुदत काही मिनिटांची. ती संध्याकाळी पुन्हा येऊ शकत नाही, कारण केंद्र तेव्हा बंद असतं. शिवाय सेवा घरातल्या मारहाणीबद्दलची असेल, तर तो संदेश नेमका ज्याच्या हाती पडू नये त्याच्याच हाती पडतो. 'फोन आहे का?' या प्रश्नाला त्या घरानं 'हो' असंच उत्तर दिलेलं असतं. विचारायला हवं होतं, 'तुमचा, तुमच्याजवळ राहणारा फोन आहे का?'

अपंगत्वाची नोंद करताना थेट 'तुम्ही अपंग आहात का?' असं विचारू नका. अनेकांना तो शिक्का नको असतो, आणि वयोमानानं ऐकू कमी येणारी माणसं स्वतःला अपंग समजत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाअंतर्गत २००१ मध्ये स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटानं सहा छोटे प्रश्न तयार केले आहेत. चष्मा लावूनही पाहायला, श्रवणयंत्र लावूनही ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला किंवा लक्ष लावायला, अंघोळ-कपडे स्वतः करायला आणि आपल्या नेहमीच्या भाषेत बोलणं समजायला-समजवायला त्रास होतो का, असे ते प्रश्न आहेत. उत्तरं चार: अजिबात नाही, थोडा, खूप, जमतच नाही. एका तरी प्रश्नाला 'खूप' किंवा 'जमतच नाही' आलं, की ती व्यक्ती मोजायची. प्रश्न जसेच्या तसे वापरा आणि त्यांच्या आधी 'अपंगत्व' हा शब्द उच्चारू नका. मानसिक आजार या सहा प्रश्नांत नीट पकडले जात नाहीत आणि लहान मुलांसाठी वेगळी प्रश्नावली आहे, हेही ध्यानात ठेवा.

*तपासा:* जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे १३० कोटी लोकांना, म्हणजे १६ टक्के माणसांना, लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे. प्रमाण वयानुसार आणि प्रदेशानुसार बदलतं. पण तुमच्या सर्वेक्षणात ते एक-दोन टक्के आलं असेल, तर आधी आपल्या प्रश्नावर आणि दार कुणी उघडलं यावर संशय घ्या.

*सावधान:* गट एकमेकांत मिसळलेले असतात. स्थलांतरित कुटुंबातली कर्णबधिर मुलगी 'महिला', 'अपंग' आणि 'स्थलांतरित' या तिन्ही बैठकांतून सुटू शकते. अशी किमान दोन-तीन माणसं डोळ्यांसमोर धरून यादी पुन्हा वाचा.

टप्पा २ : अडचण काय आहे, हे त्यांनाच मांडू द्या

या टप्प्यावर तुमची कल्पना दाखवू नका. चित्र नको, नमुना नको, नावही नको. कल्पना एकदा समोर आली, की माणसं सौजन्यानं तिच्याबद्दलच बोलतात आणि मूळ अडचण बाजूला राहते.

मुलांच्या खेळण्यातल्या गोल चक्राला पंप जोडून पाणी वर चढवण्याची प्लेपंप ही कल्पना याचं चांगलं उदाहरण आहे. मुलं खेळतील आणि टाकी भरेल, असा विचार होता. २००६ मध्ये तिला मोठं पाठबळ मिळालं आणि आफ्रिकेच्या दक्षिणेकडील देशांत ही चक्रं बसवली गेली. पण पाणी लागतं तेव्हा मुलं खेळतच असतील असं नाही. ती शाळेत असतात, दमतात, कंटाळतात. मग चक्र फिरवायची पाळी पाणी भरायला आलेल्या बायकांवर आली. त्यातल्या म्हाताऱ्या बायकांना ते जड जाई, आणि चारचौघांत खेळणं फिरवण्याचा संकोचही होई. काही ठिकाणी तर आधीचा चालता हातपंप काढून हे चक्र बसवलं होतं. पाणी रोज कोण भरतं, केव्हा भरतं आणि तेव्हा सोबत कोण असतं, एवढं त्या बायकांना आधी विचारलं असतं, तर हे कागदावरच दिसलं असतं.

विचारायची पद्धत अशी ठेवा. 'काय हवं?' असं विचारू नका, त्याला उत्तर म्हणून यादी येते. 'काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?' असं विचारा आणि जिथे बोलणं अडखळतं तिथे थांबा. शक्य असेल तर एक अख्खा दिवस सोबत राहा.

*तपासा:* अडचण एका वाक्यात लिहा आणि ज्यांची ती आहे अशा तिघांना वाचून दाखवा. तिघांपैकी एकानं जरी 'तसं नाही' म्हटलं, तरी वाक्य बदला. टप्पा ३ त्यानंतरच सुरू करा.

टप्पा ३ : बैठक अशी भरवा की माणूस येईल, बसेल आणि बोलेल

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेळ आणि जागा तुम्ही ठरवू नका. दोन-तीन पर्याय घेऊन जा आणि त्यांना निवडू द्या. सरकारी कार्यालय, धार्मिक जागा, गावातल्या वजनदार माणसाचा वाडा अशा ठिकाणी कुणाकुणाला पाऊल टाकता येत नाही, हे आधी विचारा. जागा स्वतः जाऊन पाहा. उंबरे मोजा, दाराची रुंदी मोजा, स्वच्छतागृहात चाकाची खुर्ची वळते का ते पाहा. चाकाच्या खुर्चीला पूर्ण वळायला साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. फळी टाकून उतार करणार असाल तर १:१२ हे प्रमाण लक्षात ठेवा. १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांबीचा उतार. याहून तीव्र उतारावर माणसाला दुसऱ्याच्या हातावर विसंबून यावं लागतं, आणि ते अनेकांना नको असतं.

सांकेतिक भाषेचा दुभाषी आधीच ठरवा. बैठक तासाभराहून लांबणार असेल तर दोन दुभाषी हवेत. ते दर २० ते ३० मिनिटांनी आलटून पालटून काम करतात, कारण त्यापुढे थकव्यानं अर्थ निसटायला लागतो. कागदपत्रं त्यांना आदल्या दिवशी द्या. कर्णबधिर व्यक्तीशी बोलताना नजर तिच्याकडे असू द्या, दुभाष्याकडे नको. माइक असेल तर तो वापराच. 'माझा आवाज मोठा आहे' म्हणून बाजूला ठेवू नका. पडद्यावर काही दाखवलं, तर काय दाखवताय ते तोंडानंही सांगा.

सगळ्यांना एकदम एकत्र बसवू नका. ही चूक चांगल्या मनानं केली जाते. एकत्र बसवलं की ज्यांना बोलायची सवय आहे तेच बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. आधी छोट्या वेगवेगळ्या बैठका घ्या: तरुण बायका सासवांशिवाय, मजूर मुकादमाशिवाय, बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्ती पालकांशिवाय, पण त्यांना हव्या त्या आधाराच्या माणसासह. त्यांचे मुद्दे त्यांनीच ठरवलेल्या शब्दांत लिहून घ्या. संयुक्त बैठकीत सुरुवात त्या मुद्द्यांनी करा, म्हणजे कुणा एकावर पहिलं बोलण्याचा भार पडत नाही.

पैसे त्याच दिवशी, तिथेच द्या. सही करता येत नसेल तर काय, बँक खातं नसेल तर काय, हे आधी ठरवून ठेवा. महिनाभरानं येणारा प्रवासखर्च रोजंदारीवरच्या माणसाच्या उपयोगाचा नसतो.

*सावधान:* दर वेळी तीच दोन माणसं 'प्रतिनिधी' म्हणून येत असतील, तर थांबा. त्यांचा मान ठेवा, पण त्यांनाच विचारा, 'जो इथे येऊ शकत नाही, त्याच्याकडे आम्हाला कोण नेईल?'

टप्पा ४ : नमुना कच्चा असतानाच त्यांच्या हातात द्या

'कच्चा' हा शब्द महत्त्वाचा आहे. पुठ्ठ्याचा डबा, कागदावर काढलेला पडदा, हातानं लिहिलेला अर्ज चालेल. वस्तू देखणी झाली, की लोक तिला नावं ठेवायला कचरतात आणि आपलाही जीव तिच्यात अडकतो.

एका कामात आम्ही पिण्याच्या पाण्याच्या टाकीला दाबून धरायचा नळ लावला होता. हात काढला की पाणी बंद, थेंबही वाया जात नाही. आम्हाला तो फार आवडला होता. पहिल्या दिवशी एक हात नसलेले गृहस्थ आले. त्यांनी नळ दाबला, पाणी आलं, पण भांडं धरायला हात नव्हता. त्यांनी भांडं खाली ठेवलं. धार उंचावरून पडत होती, भांडं कलंडलं. मग त्यांनी कोपरानं नळ दाबून हातानं भांडं धरायचा प्रयत्न केला, बाही भिजली. काही न बोलता ते बाजूला झाले आणि कुणीतरी येईल म्हणून थांबले. त्यांच्यामागे कडेवर बाळ घेतलेली एक बाई उभी होती. तिचीही तीच अडचण. आम्ही नळाखाली भांडं टेकेल अशा उंचीवर एक जाळीचा कठडा बसवला, खर्च किरकोळ होता. नंतर लहान मुलं, काठी घेऊन चालणारी माणसं, दोन भांडी घेऊन येणारे, सगळेच तो कठडा वापरू लागले. टाकी बसवण्याआधी पुठ्ठ्याचा खोका आणि एक नळ घेऊन त्या गृहस्थांकडे गेलो असतो, तर त्यांना तसं ताटकळावं लागलं नसतं.

चाचणीच्या वेळी तुम्ही गप्प बसा. समजावू नका, मदत करू नका, 'इथे दाबा' म्हणू नका. बोट कुठे अडतं, नजर कुठे परत जाते, माणूस कुठे हसून वेळ मारून नेतो, ते टिपत राहा. 'आवडलं का?' हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर ठरलेलं असतं.

पाच जणांवर चाचणी केली की बहुतेक दोष सापडतात, असा एक लोकप्रिय ठोकताळा आहे. तो एकसारख्या वापरकर्त्यांसाठी आहे. अंध, कर्णबधिर, निरक्षर, वयस्कर अशा गटांतून मिळून पाच माणसं घेतली, तर प्रत्येक गटाची जेमतेम एकेकच व्यक्ती झाली. गटागणिक वेगळी मोजणी करा.

संकेतस्थळ किंवा अ‍ॅप असेल तर डब्ल्यूसीएजी ही, संकेतस्थळं अपंग व्यक्तींनाही वापरता यावीत म्हणून केलेली, आंतरराष्ट्रीय निकषावली हाताशी ठेवा, तिची २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये आली. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ असावा, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ चालतो. नुसत्या रंगावर अर्थ सोपवू नका. युरोपीय वंशाच्या सुमारे बारा पुरुषांमागे एकाला रंग ओळखण्यात अडचण असते; इतर समाजांत हे प्रमाण वेगळं असू शकतं. 'हिरवं म्हणजे मंजूर' याच्या शेजारी 'मंजूर' हा शब्दही लिहा. पण निकष पूर्ण झाले म्हणजे वापरता येतं असं नाही. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) रोज वापरणाऱ्या व्यक्तीला समोर बसवून संपूर्ण अर्ज भरून घ्या.

आरोग्याचं साधन असेल, तर ते कोणत्या शरीरांवर तपासलं गेलं आहे ते विचारा. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणारं यंत्र वर्षानुवर्षं बिनचूक मानलं जात होतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं, की यंत्र ठीक आकडा दाखवत असताना प्रत्यक्षात प्राणवायू धोकादायक पातळीखाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होतं.

*तपासा:* चाचणीनंतर नमुन्यात निदान एक तरी बदल झाला का? झाला नसेल, तर तुम्ही चुकीच्या माणसांना विचारलंत किंवा ऐकलं नाहीत.

टप्पा ५ : निर्णयात वाटा द्या

लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाला लोकांना नुसतं गुंडाळणं, मध्ये माहिती देणं आणि सल्ला घेणं, वर भागीदारी, आणि सगळ्यात वर निर्णयाचा ताबा. प्रत्येक निर्णयासमोर आपण कोणत्या पायरीवर आहोत ते लिहा. सगळ्याच गोष्टी सगळ्यांत वरच्या पायरीवर न्यायला हव्यात, असं माझं म्हणणं नाही. पण पैसे कुठे जातात, कुणाला नेमलं जातं आणि काम केव्हा थांबवायचं, या तीन निर्णयांत ज्यांच्यासाठी काम आहे त्यांची मतं मोजली जायलाच हवीत. समितीवर एकटा माणूस बसवू नका, किमान दोघे असू द्या. एकट्याला गप्प करणं फार सोपं असतं. त्यांना इतर तज्ज्ञांइतकंच मानधन द्या.

टप्पा ६ : सरासरीवर विसंबू नका

समजा, हजार जणांसाठी सेवा आहे. ९०० जण बहुसंख्य गटातले, १०० जण दुर्लक्षित गटातले. पहिल्या वर्षी पहिल्या गटात ८० टक्क्यांचं काम झालं, म्हणजे ७२० जणांचं. दुसऱ्यात २० टक्क्यांचं, म्हणजे २० जणांचं. एकूण ७४ टक्के. दुसऱ्या वर्षी पहिला गट ८८ टक्क्यांवर गेला, म्हणजे ७९२. दुसरा घसरून १० टक्क्यांवर आला, म्हणजे १०. एकूण ८०.२ टक्के. अहवालात सहा टक्क्यांची प्रगती दिसते, आणि ज्यांच्यासाठी धडपड होती त्यांच्यातल्या काम झालेल्यांची संख्या यंदा निम्म्यावर आलेली असते. म्हणून टप्पा १ मधल्या यादीप्रमाणे आकडे वेगळे काढा आणि एकूण आकड्याच्या वर छापा.

एकदाच येऊन परत न आलेल्यांची वेगळी वही ठेवा. दरमहा त्यातल्या पाच जणांना गाठून कारण विचारा. तक्रारीसाठी एकच मार्ग ठेवू नका: लेखी, फोनवर आणि प्रत्यक्ष, असे तिन्ही हवेत. त्यातला निदान एक तरी रोज सेवा देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातून जाणारा नसावा.

*सावधान:* एखाद्या तक्त्याच्या चौकटीत चार-पाचच माणसं असतील, तर ती कोण हे वस्तीत सहज ओळखू येतं. असे आकडे छापू नका. आतल्या कामापुरते ठेवा आणि कोण पाहू शकेल ते ठरवा.

टप्पा ७ : वाढवताना काय कापलं जातं, त्यावर नजर ठेवा

काम दुसरीकडे नेताना खर्च कमी करायचा असतो. तेव्हा पहिली कात्री बसते ती समोर बसून अर्ज भरून देणाऱ्या माणसाला, घरी जाणाऱ्या कार्यकर्तीला, दुभाष्याला. नेमके हेच लोक अडलेल्यांना आत आणत असतात. हस्तांतराच्या करारात ही कामं नावानिशी लिहा. ऑनलाइन मार्गाबरोबर माणसामार्फत चालणारा मार्ग कायम ठेवा. आणि नव्या जागी टप्पा १ पुन्हा करा, जुनी यादी उचलून नेऊ नका.

सगळं आधीच तयार झालं असेल तर

अनेक वाचक इथेच उभे असतील. सगळं मोडून नव्यानं सुरू करायची गरज नाही. आधी परत न आलेल्यांच्या वहीतून किंवा ओळखीतून तीन माणसं शोधा: एक जी कधीच आली नाही, एक जी एकदाच आली, एक जी दर वेळी कुणाला तरी सोबत घेऊन येते. तिघांसोबत दारापासून तक्रारीपर्यंतचा सगळा रस्ता एकदा चाला, न बोलता. जिथे जिथे ती थांबतील त्या जागा लिहा. त्यातली जी एका आठवड्यात आणि थोड्या पैशांत सुधारता येईल, ती आधी सुधारा आणि त्याच तिघांना परत बोलावून दाखवा. मगच टप्पा १ ची यादी करायला बसा. ते तिघंही त्या बैठकीत असू द्या, मानधनासह.